नेढं

दोरा ओवायला जिभेवर थुंकी लागते.
एवढी साधी गोष्ट
बावीस वर्षांत कधी लक्षात आली नव्हती.

ऐरोलीत, सेक्टर तीनमध्ये, जिन्याखाली माझं दुकान.
ब्लाउज, फॉल-पिको, चेन बदलून मिळेल.
गोळी सुरू झाल्याच्या पाचव्या दिवशी
दोऱ्याचं टोक ओठांत धरलं
आणि ते तसंच कोरडं, विस्कटलेलं बाहेर आलं.
हात थरथरत होता. नेढं जागेवर होतं.
शेवटी शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे
त्याच्या शिंपडायच्या बाटलीतला एक थेंब मागितला.
कशाला, ते त्याने विचारलं नाही.

वाशीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर विचारतात,
काही त्रास?
मागे रांग असते. मी म्हणते, नाही.

नाही म्हणजे, जांभया येतात, झोप नसताना.
उशी भिजते, घामाने. आधी वेगळ्याने भिजायची.
नाही म्हणजे, दिवा गावातला सख्खा मामा गेला,
बायकांनी अंगण डोक्यावर घेतलं
आणि मी बघत होते
त्याच्या सदऱ्याची खांद्याजवळ उसवलेली शिवण.
मामी म्हणाली, घट्ट झालीस गं.
नाही म्हणजे, रात्री नवऱ्याचा हात आला
आणि मी तो ओळखला फक्त,
बाजारात जुनं गिऱ्हाईक हाक मारतं,
माप आठवतं, नाव आठवत नाही,
तसा.
हे त्या खोलीत कसं सांगायचं?
पडदा अर्धाच ओढलेला असतो,
पलीकडे वॉर्डबॉय चहा पीत असतो.

पहिले पंधरा दिवस मात्र सांगते.
पाय ठरेना. घरी, जेवायला बसले तरी
पाय पायडल मारायचे.
एक विचार होता. तो गोळीआधीही होता,
पण तेव्हा उठून काही करायची ताकद नव्हती.
आता ताकद आधी आली,
बरं वाटणं मागून, रमतगमत.
त्या दिवसांत दुकानातली मोठी कात्री नाहीशी झाली.
दीक्षिता म्हणाली, धार लावायला दिलीय.
पंधरा दिवस धार?
मी छोट्या कात्रीने अस्तरं कापली
आणि काही विचारलं नाही.
डॉक्टरांनी तिला बाहेर नेऊन जे सांगितलं
ते मला आत ऐकू आलं होतं.

मग नवरात्र. कामाचा ढीग, गोळ्या संपल्या,
म्हटलं आता बरीच आहे की मी.
चौथ्या दिवशी मान वळवली
आणि डोक्यात चटका बसला,
मोटरच्या सोललेल्या वायरला बोट लागावं तसा,
पुन्हा, पुन्हा. आवाज काही नाही.
भोईरबाईंच्या पैठणी ब्लाउजला बाही उलटी लागली.
डॉक्टर रागावले नाहीत.
सोडायची तर हळूहळू, म्हणाले, मला विचारून.
हे मला समजावायला नको होतं.
टीप उसवताना दोरा खसकन ओढला
तर कापड जातं.

आठ किलो वाढले.
माझाच ब्लाउज मला होईना, तो उलटा केला.
आत दोन्ही बाजूंना दीड-दीड बोट माया होती.
मीच ठेवलेली, कुठल्यातरी बऱ्या दिवसांत,
पुढे लागेल म्हणून.
एकेक टाका काढून सोडली.
जुन्या टिपेची भोकं दिसतात ओळीने.
दिसू देत.

मशीनला कपाळ टेकून, मोटर चालू ठेवून
मी तासतास बसायचे, तेही मला आठवतं.
ते आता होत नाही.
म्हणून गोळीला शिव्या देत नाही,
पण तिची आरतीही करणार नाही.

शेजारी वाटीत पाणी ठेवलंय, दोरा त्यात बुडवते.
मंगळवारी दवाखाना आहे.
वहीच्या मागच्या पानावर, मापं लिहितो तसं
लिहून काढलंय सगळं:
तोंड. घाम. हात. मामा.
नवरा.
हे खोडलं.
परत लिहिलं.